सोसायटीच्या ग्रुपवर पुनर्विकासाचा वाद: विरोध राहावा, भांडण होऊ नये यासाठी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधली ८४ सदनिकांची, ३५ वर्षं जुनी सोसायटी. व्हॉट्सॲप ग्रुपवर पुनर्विकासाचा विषय निघाला आणि दोन तट पडले. रात्री जेवणं उरकली की शब्दाला शब्द वाढतो. काही जुने सभासद ग्रुप सोडून गेले. कमिटीतल्या काही जणांचं मत, ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून टाकावा. विचारणाऱ्या ताई सेक्रेटरी आहेत. लोकांनी बोलावं, पण मुद्द्याला धरून आणि आधार देऊन बोलावं, अशी त्यांची इच्छा आहे.

ताई, ग्रुप बंद करू नका. पुनर्विकासाला होणारा विरोध ग्रुपवर दाबला तर तो जिन्यात आणि पार्किंगमध्ये बोलला जातो, तिथे त्याला उत्तर द्यायला कोणी नसतं, आणि सभेच्या दिवशी किंवा थेट उपनिबंधकांकडच्या तक्रारीत तो बाहेर येतो. तोवर तो मुद्दा राहिलेला नसतो, त्याचा राग झालेला असतो. दुसरं म्हणजे, 'कृपया सर्वांनी सभ्य भाषा वापरावी' असा मेसेज टाकून काही होत नाही. प्रत्येकाला वाटतं, ही सूचना समोरच्यासाठी आहे.

ग्रुपवरचं भांडण नीट मागे जाऊन वाचलं तर दिसतं की अपमान सहसा तिसऱ्या-चौथ्या मेसेजला येतो. पहिल्या मेसेजमध्ये असतं एक मोघम विधान: 'बिल्डर सगळ्यांना फसवतो आहे' किंवा 'विरोध करणाऱ्यांना सोसायटीचं भलं नको आहे'. असं विधान तपासता येत नाही. मग उत्तर देणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट उरते, बोलणारा माणूस. तो त्याच्यावर बोलतो. म्हणून भाषेवर पहारा ठेवण्याआधी विधानांना शिस्त लावा. तपासता येईल असं बोलण्याची सवय लागली की तोंड बरंचसं आपोआप सांभाळलं जातं. माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे.

वाद नेमका कशाचा आहे

कुठलाही वाद पेटला की ॲडमिनने पहिल्यांदा ठरवावं, हा वाद वस्तुस्थितीचा आहे, नियमाचा आहे की पसंतीचा. तिन्हींना लागणारा आधार वेगळा. ते एकाच धाग्यात मिसळले की तासनतास बोलूनही कोणी हलत नाही.

वस्तुस्थितीचा वाद बहुतेक वेळा आकडा कशावर काढला याचा असतो. उदाहरण घ्या. ऑफर आहे 'सध्याच्या क्षेत्रावर २५ टक्के जास्त'. एक काका लिहितात, ९०० चौरस फूट मिळणार. दुसरे लिहितात, खोटं आहे, ७५० मिळणार. दोघंही प्रामाणिक असू शकतात. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र, ७२० लिहिलेलं आहे आणि कार्पेट, म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र, ६०० भरतं. ७२० वर २५ टक्के म्हणजे ९००, ६०० वर २५ टक्के म्हणजे ७५०. दीडशे फुटांचा फरक कोणाच्या लबाडीतून आलेला नाही, टक्के कशावर धरले एवढ्यातून आला आहे. त्यात पुन्हा रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. त्यामुळे घरमालकाने टेपने मोजलेलं क्षेत्र आणि रेराचं क्षेत्र जुळेलच असं नाही. इथे ॲडमिनने एकच प्रश्न टाकावा: 'दोघांनीही आकडा कोणत्या क्षेत्रावर काढला ते लिहावं.' पाच मिनिटांत वाद ऑफरच्या कागदातल्या एका ओळीवर येतो, आणि ती ओळ डेव्हलपरकडून लेखी स्पष्ट करून घेता येते.

पुण्यात दर पावसाळ्यात परिसराच्या ग्रुपांवर पाण्याचा वाद होतो, त्याचीही गत हीच. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं मिळून उपयुक्त साठा सुमारे २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. टीएमसी हा साठ्याचा आकडा आहे, नदीत सोडलेल्या पाण्याचा क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, हा वेगाचा. ११,५७४ क्युसेकने सलग २४ तास पाणी सोडलं तर १ टीएमसी होतो. हे दोन आकडे एकमेकांवर फेकून लोक तासभर भांडतात, कारण एकक कोणी लिहिलेलंच नसतं.

नियमाचा वाद सर्वांत लवकर मिटतो, फक्त मूळ मजकूर समोर हवा. 'तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचा खर्च का द्यायचा?' हा वाद कित्येक सोसायट्यांत वर्षानुवर्षं चालतो. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, उत्तर सरळ आहे: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी सारखा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. नियम अन्यायाचा वाटू शकतो, तसं म्हणायची मोकळीकही हवी. पण 'असा नियम नाही' आणि 'हा नियम मला पटत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लोकांना ती वेगळी करून लिहायला लावा.

पुनर्विकासात नियमाचा सर्वांत जास्त घोळ मतांच्या संख्येवर होतो. जानेवारी २००९च्या शासन निर्देशातला तीन-चतुर्थांशाचा आकडा आजही फॉरवर्डमधून फिरतो. ४ जुलै २०१९ला सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली नवे निर्देश आले. त्यांत सभेच्या गणसंख्येसाठी (सभा चालायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी) एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश आणि निर्णयासाठी एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती आहे. तुमच्याकडे दर सदनिकेमागे एक सभासद धरला तर गणसंख्या ५६ आणि होकार किमान ४३. '७५ टक्के लागतात' म्हणणारे काका खोटं बोलत नसतात, त्यांच्या हाती जुना कागद असतो. त्यांना उत्तर द्यायचं ते असं: 'काका, तुम्ही म्हणता तो आकडा २००९च्या निर्देशातला आहे. २०१९चा सोबत जोडते आहे, संबंधित परिच्छेदाला खूण केली आहे.' काका बरोबर होते, फक्त नियम पुढे सरकला, एवढी जागा या वाक्यात आहे. माणूस माघार घेतो ती अशी जागा मिळाली तरच.

तिसरा, पसंतीचा वाद. 'मला उंच इमारतीत राहायचं नाही', 'आवारातलं आंब्याचं झाड जायला नको', 'दोन-तीन वर्षं या वयात भाड्याच्या घरात काढणं मला झेपणार नाही'. याला पुरावा मागणं हा उद्धटपणा आहे. सत्तरीतल्या काकूंना 'कोणत्या आधारावर म्हणता?' असं विचारलं की काकू ग्रुप सोडतात, आणि योग्यच करतात. पसंती ऐकायची, नोंदवायची, आणि तिच्यातून करारात कोणती अट निघते ते पाहायचं. काकूंच्या म्हणण्यातून निघते ती ही: पर्यायी घर याच परिसरात हवं, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत हवं, सामान हलवण्याचा खर्च डेव्हलपरचा हवा. असं केलं की विरोधी मत वाटाघाटीतला मुद्दा होतं. मला वाटतं, जुने सभासद ग्रुप सोडतात त्यातले बरेचसे इथेच दुखावलेले असतात.

दावा कसा लिहायचा

ग्रुपच्या नियमांत एकच नमुना ठेवा आणि तो पिन करा. दाव्याचा मेसेज चार गोष्टींचा: काय म्हणणं आहे, कशावरून, ते कुठे पाहायला मिळेल, आणि स्वतःला किती खात्री आहे. चौथी गोष्ट लोक गाळतात आणि तीच सर्वांत उपयोगी पडते. 'इमारत धोकादायक झाली आहे' याऐवजी असं: 'माझं म्हणणं, सी विंगची दुरुस्ती पुरेशी होणार नाही. आधार, मागच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, पान १४चा तक्ता. पार्किंगमधल्या चार कॉलमच्या चाचण्या कमी आल्या आहेत. अहवालाची पूर्ण प्रत ऑफिसात आहे. मी इंजिनिअर नाही, तक्त्याचा अर्थ चुकत असेल तर सांगा.' शेवटचं वाक्य वाचल्यावर कोणाला टोमणा मारावासा वाटत नाही.

एका मेसेजमध्ये एकच दावा, हा नियम कडक पाळा. लोक क्षेत्रफळ, कॉर्पस (डेव्हलपरकडून मिळणारा एकरकमी निधी), बिल्डरची जुनी प्रकरणं आणि सेक्रेटरींचा स्वभाव एकाच परिच्छेदात लिहितात. उत्तर देणारा त्यातला सर्वांत कमकुवत मुद्दा उचलतो आणि बाकी सगळं वाहून जातं. व्हॉइस मेसेजवर दावा नको. तो शोधता येत नाही, त्यातलं वाक्य उचलून उत्तर देता येत नाही, आणि चार मिनिटांचा मेसेज अर्धे लोक ऐकतच नाहीत. ज्यांना टाइप करणं जड जातं अशा ज्येष्ठांसाठी एखाद्या तरुण सभासदाने ऐकून लिहून द्यावं, आणि 'अमुक काकांच्या सांगण्यावरून' असं वर नमूद करावं.

लघुरूपं पहिल्यांदा उलगडून लिहा. पुनर्विकासात 'पीएमसी' म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, आणि पुण्यात पीएमसी म्हणजे महानगरपालिका. 'पीएमसीने नकाशा पाहिला आहे' या वाक्यावरून अकारण रणकंदन होतं.

कोणता आधार किती वजनाचा

सर्वांत वर मूळ कागद: उपविधी, शासन निर्णय, सभेचं मंजूर इतिवृत्त, नोंदणीकृत करार, महापालिकेने मंजूर केलेला इमारतीचा नकाशा, सहीशिक्क्याचा अहवाल. त्याखाली त्या विषयातल्या माणसाचं लेखी मत, नाव आणि सहीसकट. त्याखाली तारखेसह वृत्तपत्रातली बातमी. 'आमच्या मेहुण्यांच्या सोसायटीत' ही माहिती असते, आधार नसतो. ती सांगावी, पण 'म्हणून आपल्याकडेही' असं म्हणायच्या आधी त्या भूखंडाचं क्षेत्र आणि समोरच्या रस्त्याची रुंदी विचारावी. पुण्यात किती बांधकाम मिळेल ते रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली ऑफर तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही.

तांत्रिक अहवालावर वाद असेल तर नुसता निष्कर्ष फिरवू नका. कोणती चाचणी, किती ठिकाणी, कोणत्या कॉलमवर, हे तीन प्रश्न विचारा. रिबाउंड हॅमर ही चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा दाखवते. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसू शकतो. म्हणून तिच्या जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी किंवा कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतला तुकडा, काढून तपासलेली ताकद पाहतात. शेवटी इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे ते वाचा. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मधले दोन वर्ग दुरुस्तीचे, एकात घरं रिकामी करावी लागतात, दुसऱ्यात नाही. 'ऑडिटमध्ये नापास झालो' हे वाक्य कोणत्याच अहवालात नसतं. ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट आदर्श उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तुमचा अहवाल त्याहून जुना असेल तर त्यावर भांडण्यापेक्षा नवा करून घ्या.

फॉरवर्डसाठी साधी तपासणी पुरते. 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी दुहेरी बाणाची खूण असेल तर पाठवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहिल्याशिवाय तो टाकू नये. कात्रणाच्या फोटोत तारीख आणि वृत्तपत्राचं नाव दिसत नसेल तर ते धरू नये. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून तो पहिल्यांदा कधी दिसला ते पाहावं. शासन निर्णय असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तारखेवरून शोधावा आणि नंतरच्या निर्णयाने तो बदलला आहे का तेही पाहावं. हल्ली चॅटजीपीटीकडून आलेलं उत्तर 'कायदा असा आहे' म्हणून चिकटवलं जातं. त्यात कलमाचा क्रमांक ठसठशीत असतो, पण मजकूर त्या कलमात सापडेलच असं नाही. अशा उत्तरावरून काय शोधायचं ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग. ग्रुपवर टाकायचं ते मूळ कलम.

महापालिकेकडचा कागद कोणाकडेच नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर तो मुद्दा 'कागद येईपर्यंत थांबला' असं लिहून बाजूला ठेवा. सोसायटीचे स्वतःचे कागद पाहायचा अधिकार सभासदाला आहेच. तुम्ही सेक्रेटरी आहात, तर इतिवृत्तं, ऑडिट अहवाल आणि आलेल्या ऑफर एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवून त्याची लिंक पिन करा. अर्धे वाद कागद दडवल्याच्या संशयातून होतात. एवढं काम पुढच्या रविवारी करून टाका, बाकी सगळं नंतर.

विरोध कसा करायचा

शास्त्रार्थाच्या आपल्या परंपरेत समोरच्याचा पूर्वपक्ष आधी मांडतात, आणि तो कमकुवत करून मांडणं कमीपणाचं समजतात. ग्रुपवर हे दोन ओळींत होतं: 'काकू, तुमचं म्हणणं मला असं कळलं, की कॉर्पसपेक्षा डेव्हलपरने द्यायची बँक हमी महत्त्वाची. बरोबर ना?' त्यांचं 'हो' आल्यावरच आपलं म्हणणं लिहायचं. यात वेळ जातो असं वाटतं, पण कित्येकदा 'नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं' असं उत्तर येतं आणि वाद तिथेच संपतो. पटलेला भाग आधी सांगावा, तोही नेमका. 'तुमच्या भावनांचा आदर आहे, पण' ही पोकळ ओळ आहे, ती वाचणाऱ्याला लगेच कळते. 'हमीची रक्कम प्रकल्पखर्चाच्या २० टक्के असावी हे तुमचं बरोबर आहे, निर्देशांतही तेच आहे. कॉर्पस मात्र मला सोडून द्यावासा वाटत नाही, कारण नव्या इमारतीचा मेंटेनन्स वाढेल' हे वाक्य टिकतं.

पुण्यातल्या ग्रुपांवर शिवीगाळ क्वचित होते. जास्त नुकसान करतो तो टोमणा. 'काही महाभागांना', 'ज्यांना वाचता येतं त्यांनी', 'स्वयंघोषित तज्ज्ञांनी' अशी सुरुवात असलेला मेसेज सर्वांत विषारी, कारण तो नाव घेत नाही. आठ-दहा जणांना वाटतं, हे मलाच उद्देशून. म्हणून नियम ठेवा: उत्तर द्यायचं तर त्या मेसेजला उजवीकडे सरकवून, त्यावरच द्यायचं. नाव घ्यायचं नसेल तर उल्लेखही नको. 'काही लोक' हे शब्द ग्रुपवर बंद.

संबोधनाकडे लक्ष ठेवा. एरवी 'काका' म्हणणारा माणूस अचानक 'साहेब' किंवा '३०२ नंबर' म्हणू लागला की ठिणगी पडल्याचं समजावं. तरुण सभासद ज्येष्ठांना एकेरीत आणत नाहीत, पण ज्येष्ठ तरुणांना 'तुला काय कळतं' म्हणतात आणि तो अपमान कोणी मोजत नाही. ग्रुपवर सर्वांनी सर्वांना अहो-जाहो करावं, घरी काहीही म्हणोत. 'भाडेकरूंनी यात पडू नये', 'तुम्ही नवीन आलात' ही वाक्यं मुद्द्याला उत्तर देत नाहीत. भाडेकरूला मतदानाचा हक्क नाही, पण पार्किंगमधला कॉलम फुगलेला त्याला दिसू शकतो. मराठी सहज न लिहिणारे सभासद असतील तर त्यांनी हिंदीत लिहावं, उत्तर मराठीत यावं. भाषेवरून कोणाला थांबवू नये. हसण्याची इमोजी असहमतीसाठी वापरायची नाही, हेही नियमांत लिहा. ती टाकणारा विसरतो, ज्याच्या मेसेजवर पडते तो विसरत नाही.

पुरावा मागण्याचाही अतिरेक होतो. एखादा सभासद प्रत्येक ओळीला 'आधार?' एवढंच लिहितो, आधार दिला की पुढचा मागतो, आणि समोरचा थकून गप्प बसतो. यावर मर्यादा घाला. ज्याने दावा केला त्याने ४८ तासांत आधार द्यावा, नाही जमलं तर 'सध्या आधार नाही' असं लिहावं. मागणाऱ्याने एका दाव्यावर एकदा मागावा आणि मिळाल्यावर तो पटला की नाही, कारणासह सांगावं. प्रतिदावा केला तर त्याच्या आधाराची जबाबदारी त्याची.

पैशांचे आरोप

'कमिटीने पैसे खाल्ले' हे ग्रुपवर लिहिणं म्हणजे शंभर जणांसमोर लेखी आरोप करणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि खासगी ग्रुपवर लिहिलं म्हणून सुटका होते असं नाही. पण म्हणून हिशेबावर प्रश्न विचारू नयेत असंही नाही. उलट जरूर विचारावेत. हेतूवर लिहू नये, नोंदीवर लिहावं: '२०२३-२४च्या हिशेबात रंगकामाची ३ बिलं आहेत, त्यांवर जीएसटी क्रमांक दिसत नाही. कोटेशन किती मागवली होती?' यात कोणाचीही बदनामी नाही, आणि खरोखर गैरव्यवहार असेल तर तो शोधायचा रस्ताही हाच. कमिटीने असा प्रश्न आला की 'विश्वास नाही का?' असं म्हणू नये, कागद टाकावा. थकबाकीदारांची यादी मात्र ग्रुपवर टाकू नका. ज्याचं नाव येतं तो त्यानंतर कोणत्याही विषयावर सरळ बोलत नाही.

ॲडमिनना स्वतःची भीती असते, सभासदाने काही भलतं लिहिलं तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. भीतीपोटी सरसकट मेसेज पुसू नका.

ॲडमिनची कामं

व्हॉट्सॲपवर एका सभासदाचं बोलणं तात्पुरतं थांबवायची सोय नाही. एक तर सगळ्यांचं बंद करता येतं, नाहीतर त्या माणसाला काढावं लागतं. टेलिग्रामवर एकेकाला रोखता येतं आणि दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतरही ठेवता येतं, पण ज्येष्ठ मंडळी तिकडे येत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी करा. सूचनांचा भाग फक्त ॲडमिनसाठी, रोजच्या गोष्टींचा एक ग्रुप, आणि 'पुनर्विकास चर्चा' वेगळा. पाणी कधी येणार ते पाहायला आलेल्या माणसाला रोज भांडण वाचावं लागू नये. चर्चेच्या ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर ९० दिवसांनी कोण काय म्हणालं यावर नवा वाद.

रात्री १० ते सकाळी ७ चर्चेचा ग्रुप 'फक्त ॲडमिन' करा. ही शिक्षा नाही, रोजची वेळ आहे, म्हणून वाद असो नसो रोज करा. वाद पेटल्यावरच केलं तर ज्याचा मेसेज शेवटचा राहिला त्याच्या बाजूने ॲडमिन आहेत असा अर्थ निघतो. ॲडमिन तीन असावेत आणि त्यांत पुनर्विकासाला विरोध असलेला किमान एक. स्वतः ज्या वादात आहात त्यातला मेसेज पुसायचा निर्णय दुसऱ्या ॲडमिनचा.

कोणी हद्द ओलांडली तर आधी खासगीत, त्याच दिवशी, आणि नेमकं वाक्य दाखवून: 'काका, मुद्दा राहू दे, फक्त "अडाणी" हा शब्द काढाल का?' व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, तेवढ्यात गाठलं तर बदल केल्याची छोटी खूण तेवढी राहते, शब्द राहत नाही. वेळ गेली असेल तर त्यांनी मेसेज काढून तोच मुद्दा पुन्हा लिहावा. ऐकलं नाही तर ॲडमिनने मेसेज काढावा आणि ग्रुपवर कारण एका ओळीत लिहावं, मुद्दा स्वतःच्या शब्दांत राखून. मेसेज पुसताना त्यातला मुद्दाही गेला तर लोक म्हणतात, आवाज दाबला, आणि ते खरंच असतं.

ग्रुपवरच्या पोलवर निर्णय नको. त्यात कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे लोक शेजाऱ्याकडे पाहून मत देतात. एका घरातले तिघं मत देतात, भाडेकरूही देतो. ८४ सदनिकांच्या ग्रुपवर सव्वाशे-दीडशे नंबर असणं नेहमीचं आहे. सभेची वेळ शनिवारी की रविवारी, एवढ्यापुरता पोल चांगला. पुनर्विकासाचा कौल सर्वसाधारण सभेतच.

चुकीचं निघालेलं विधान पुसू नका. ज्याने केलं त्याने त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला उत्तर देऊन 'दुरुस्ती' असा शब्द आधी टाकून लिहावं: काय चुकलं, बरोबर काय, कोणत्या कागदावरून. त्यावर पहिला प्रतिसाद ॲडमिनचा असावा आणि तो 'धन्यवाद' एवढाच. 'मी आधीच सांगत होतो' असं कोणी लिहिलं तर तो मेसेज काढायला मागेपुढे पाहू नका. दुरुस्ती करणाऱ्याला एकदा खिजवलं की पुढे कोणी दुरुस्ती करत नाही.

दर पंधरा दिवसांनी एकाने, आलटून पालटून, चर्चेचा गोषवारा लिहावा: कोणते मुद्दे कागदावर मिटले, कोणते कागदासाठी थांबले, कोणत्या पसंती नोंदवल्या. दोन्ही बाजूंच्या एकेका सभासदाला तो आधी दाखवावा. सभेच्या विषयपत्रिकेसाठी हाच कच्चा मसुदा होतो.

आता ग्रुप सोडून गेलेल्यांचं. त्यांना परस्पर पुन्हा जोडू नका, ते लगेच बाहेर पडतील आणि अपमान दुणावेल. तुम्ही आणि विरोधी बाजूचं एखादं माणूस, दोघांनी मिळून एकेकाच्या घरी जा. परत या असं म्हणू नका, त्यांचं म्हणणं काय होतं ते विचारा, लिहून घ्या, वाचून दाखवा, आणि त्यांची परवानगी असेल तर नावासह चर्चेच्या ग्रुपवर टाका. त्यावर आलेली उत्तरं त्यांना नेऊन दाखवा. ग्रुपची लिंक त्यांच्याकडे ठेवून या. कोणी ग्रुपवर न येता कागदावरच मत देत राहिलं तर तेही चालू द्या, गोषवाऱ्यात त्यांची ओळ इतरांच्या बरोबरीने यायला हवी.